रिपोर्टच्या पिशवीतले ग्रीक

माण तालुक्यात दहिवडी असो, म्हसवड असो की एखादी आडबाजूची वाडी, बहुतेक घरांत खुंटीला एक प्लास्टिकची पिशवी टांगलेली असते. घरातल्या वडीलधाऱ्यांचे आजारपण तिच्यात साठवलेले असते. रक्त-लघवीचे रिपोर्ट, ईसीजीच्या पट्ट्या, एक्स-रे, डिस्चार्ज कार्ड, औषधांच्या जुन्या चिठ्ठ्या. दवाखान्यात जाताना ही पिशवी बरोबर जाते आणि तशीच परत येऊन खुंटीला लागते. आतले कागद घरात कोणी वाचत नाही, कारण ते इंग्रजीत आहेत अशी सगळ्यांची समजूत. पण दहावीला इंग्रजीत चांगले गुण मिळवलेल्या नातवालाही ते वाचून काही उमगत नाही. त्याचे कारण सोपे आहे. अक्षरे इंग्रजी असली तरी त्यातले बरेचसे अवघड शब्द मुळात इंग्रजी नाहीतच. ते ग्रीक आहेत.

त्यातही मजेची गोष्ट ही, की हे शब्द ग्रीसमध्ये पंडितांचे नव्हते. पाणी, घाम, झोप, दार, खाट, उंदीर, गोड, हाड अशा रोजच्या जगण्यातल्या वस्तूंची ती नावे. अडीच हजार वर्षांपूर्वी ग्रीक वैद्यांनी घरात-शेतात बोलले जाणारे शब्द उचलले आणि शरीराला, आजारांना लावले. पुढे रोममध्ये नावारूपाला आलेला गेलन हा वैद्यही ग्रीकमध्येच लिहीत होता. त्याचे ग्रंथ अरबीत गेले, अरबीतून लॅटिनमध्ये आले. अठराव्या-एकोणिसाव्या शतकात युरोपातल्या डॉक्टरांना नव्या आजारांसाठी नवी नावे हवी होती, तेव्हा त्यांनी पुन्हा ग्रीकचीच कोठी उघडली. म्हणून आज दहिवडीच्या रुग्णाच्या कागदावर ग्रीक गावकऱ्याचे शब्द दिसतात. त्यातले आठ-दहा ओळखीचे झाले, तर पिशवीतला निम्मा अंधार दूर होतो.

घाम, उदक आणि स्वप्न

हे शब्द वाटतात तितके परके नाहीत. ग्रीक आणि संस्कृत ही एकाच भाषाकुळातली भावंडे. संस्कृत ही मराठीची आजी म्हटली, तर ग्रीक ही चुलत आजी. उष्णतेला ग्रीकांचा शब्द 'थर्मॉस'. संस्कृतमध्ये त्याचा सख्खा नातलग 'घर्म', आणि 'घर्म'पासून झाला आपला 'घाम'. म्हणजे थर्मामीटर आणि घाम हे एकाच घरातले. पाण्याला ग्रीक 'हायडॉर', इकडे 'उदक'. डिहायड्रेशन म्हणजे अंगातले उदक आटणे. झोपेला ग्रीक 'हिप्नॉस', इकडे 'स्वप्न'. हाडाला 'ऑस्टिऑन', इकडे 'अस्थि'. दाताला 'ओडोंट', इकडे 'दंत'. वाहण्याला 'ऱ्हेइन', इकडे 'स्रव', म्हणून डायरिया म्हणजे आरपार वाहून जाणे. आपल्या आयुर्वेदाने त्यालाच अतिसार म्हटले.

थायरॉइडची गोष्ट आणखी घरगुती आहे. ग्रीक भाषेत 'थिरा' म्हणजे दार, आणि आपले 'दार'ही त्याच कुळातले. दाराच्या आकाराच्या लांबट ढालीला ते 'थिरेऑस' म्हणत. गळ्यातले कूर्चेचे हाड तशा ढालीसारखे दिसते म्हणून ते थायरॉइड. त्याला बिलगलेल्या ग्रंथीला हे नाव १६५६ मध्ये थॉमस व्हार्टन या इंग्रज डॉक्टरने दिले. स्नायूसाठी ग्रीक शब्द 'मिस', म्हणजे चक्क उंदीर. दंड फुगवला की कातडीखाली उंदीर पळाल्यासारखा त्यांना दिसला. आपल्याकडे पोरे दंड फुगवून बेडकुळी दाखवतात. त्यांना उंदीर दिसला, आपल्याला बेडकी. डोळे दोघांचेही शेतकऱ्याचेच.

कर्करोग हे नावही असेच. गाठीभोवती फाकलेल्या शिरा पाहून ग्रीक वैद्यांना खेकडा आठवला, त्याला ते 'कार्किनॉस' म्हणत. आपल्याकडे कर्क राशीची खूण खेकडाच.

उपसरपंच आणि साखर

कागदावरचे दोन ग्रीक शब्द मात्र केवळ गमतीचे नाहीत. त्यांची गल्लत जिवावर बेतू शकते. ते शब्द म्हणजे 'हायपर' आणि 'हायपो'. ऐकायला सारखे, अर्थाने एकदम उलटे. 'हायपर' हा संस्कृत 'उपरि'चा भाऊ, म्हणजे वर, जास्त. 'हायपो' हा 'उप'चा भाऊ, म्हणजे खाली, कमी. लक्षात ठेवायला एक युक्ती पुरे. उपसरपंच सरपंचाच्या खाली असतो, तसा 'हायपो' नेहमी खालचा.

आता रिपोर्टवरचा लांबलचक शब्द फोडून पाहता येतो. हायपोग्लायसेमिया म्हणजे हायपो अधिक 'ग्लिकिस' (गोड) अधिक 'हायमा' (रक्त). रक्तातले गोड कमी झाले. मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन घेतले आणि जेवण लांबले, एकादशीचा कडक उपास केला किंवा रोजच्यापेक्षा जास्त अंगमेहनत झाली, तर हे घडते. दरदरून घाम, हातांना थरथर, छातीत धडधड, सपाटून भूक, मग गोंधळल्यासारखे बोलणे. एप्रिल-मे महिन्यात रानात असे झाले तर आजूबाजूचे लोक म्हणतात, ऊन लागले, सावलीत निजवा. आणि माणूस सावलीत निजल्या निजल्या बेशुद्ध पडतो.

मधुमेहाचे औषध चालू असलेल्या माणसाला असे होऊ लागले तर आधी साखर द्यावी. शुद्धीवर असेल, गिळता येत असेल, तर चहाचे तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून पाजावी, पंधरा मिनिटांनी पुन्हा पाहावे, बरे वाटल्यावर भाकरी किंवा काहीतरी पोटभरीचे खाऊ घालावे. बेशुद्ध माणसाच्या तोंडात मात्र काहीही घालू नये, सरळ दवाखाना गाठावा. साखर मोजायचे यंत्र घरात असेल आणि आकडा ७० च्या खाली दिसला, तर वाट पाहत बसू नये. अशा वेळी 'याची शुगर आहे, याला गोड नको' असे म्हणून साखर अडवणारे नातेवाईक असतात. माया खरी असते, पण 'हायपर' आणि 'हायपो' यांची अदलाबदल झालेली असते.

दुसरी गल्लत हायपरटेन्शनची. इथे 'हायपर' ग्रीक आणि 'टेन्शन' लॅटिन. या टेन्शनचा अर्थ ताण, पण तो रक्तवाहिनीच्या भिंतीवरचा. आपल्या बोलण्यात टेन्शन म्हणजे काळजी, विवंचना. त्यामुळे कागदावर हायपरटेन्शन वाचून कुणी म्हणतो, पोरीचे लग्न झाले, कर्ज फिटले, आता कसले टेन्शन, आणि गोळी बंद करतो. रक्तदाब मात्र लग्नाला आणि कर्जाला ओळखत नाही. तो १४०/९० च्या वर राहत असेल तर काहीही त्रास न जाणवताही मेंदू, हृदय आणि मूत्रपिंड यांचे नुकसान करत राहतो. काळजी मिटल्याने मनाला बरे वाटते, पण गोळी डॉक्टरांना विचारल्याशिवाय थांबवायची नसते.

दप्तर आणि घटसर्प

काही ग्रीक शब्द इंग्रजीच्या कितीतरी आधी मराठीत येऊन बसले. सातवाहनकाळात या मुलखात यवन म्हणजे ग्रीक व्यापारी होते. कार्ल्याच्या लेण्यांत आणि नाशिकच्या लेण्यांत यवनांनी दिलेल्या दानांचे शिलालेख आजही आहेत. ज्योतिषातले 'केंद्र' आणि 'होरा' हे शब्द मूळ ग्रीक, बाजारातला 'दाम' हा ग्रीक 'द्राख्मा' या नाण्याचा वंशज. पुढे फारसी-अरबीच्या पाठीवर बसून आणखी काही आले. कलम, कानून, किमया, अफू. युनानी वैद्यक या नावातच ग्रीस आहे.

त्यातला सर्वांत नवलाचा शब्द दप्तर. कमावलेल्या कातड्याला ग्रीक भाषेत 'डिफ्थेरा' म्हणत. कातड्यावर लिहीत, म्हणून फारसी-अरबीत त्याचे 'दफ्तर' झाले आणि मराठीत पोराच्या पाठीवरचे दप्तर. १८२६ मध्ये फ्रान्सच्या पिएर ब्रेतोनो या डॉक्टरने मुलांच्या घशात राखाडी, चामड्यासारखा पापुद्रा धरणाऱ्या आजाराचे वर्णन केले, तेव्हा नाव देताना त्याला हाच शब्द सुचला. तो आजार म्हणजे डिप्थेरिया, आपला घटसर्प. एकाच शब्दापासून मुलांचे दप्तर आणि मुलांचा श्वास कोंडणारा आजार.

घटसर्पाची लस सरकारी दवाखान्यात मोफत मिळते. बाळाला सहा, दहा आणि चौदा आठवड्यांना ती पेंटाव्हॅलंट लसीतून देतात. 'पेंटा' म्हणजे पंच, एकाच सुईत पाच आजारांवरची लस. पहिले बूस्टर सोळा ते चोवीस महिन्यांत. दुसरे पाच ते सहा वर्षांच्या वयात, म्हणजे मूल पहिल्यांदा दप्तर घेते त्याच सुमारास, आणि विसरले जाते ते बहुधा हेच. पुढे दहाव्या आणि सोळाव्या वर्षी टीडीची लस असते, त्यातला 'डी' डिप्थेरियाचा. ऊसतोडीला, मेंढरांमागे किंवा कामधंद्यासाठी गाव सोडणाऱ्या कुटुंबांनी मुलांचे लसीकरण कार्ड बरोबर ठेवले, तर राहिलेला डोस जिथे असतील तिथे घेता येतो.

दुष्काळी मुलखातली तहान

आता माणदेशाकडे पाहू. सातारा जिल्ह्याच्या पश्चिम टोकाला महाबळेश्वरी वर्षाला पाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. त्याच जिल्ह्याच्या पूर्व टोकाला माणमध्ये तो पाचशेच्या आत-बाहेर. माणगंगा याच तालुक्याच्या डोंगरात उगम पावते, म्हसवडवरून आटपाडी, सांगोल्याकडे जाते आणि वर्षातला बराच काळ तिचे पात्र कोरडेच असते. अशा मुलखात तहान लागणे ही तक्रार मानलीच जात नाही.

नेमका इथेच एक ग्रीक शब्द कामाला येतो. 'डायबेटिस'चा अर्थ आरपार जाणारा, पाणी एका भांड्यातून दुसऱ्यात ओढून नेणारी वाकडी नळी. इसवी सनाच्या पहिल्या-दुसऱ्या शतकातल्या अरेटियस या ग्रीक वैद्याने या आजाराचे वर्णन केले. माणूस पाणी पीत राहतो, ते अंगात थांबत नाही, लघवीवाटे वाहून जाते आणि मांस झिजत जाते. ग्रीक वैद्याने वाहणारे पाणी पाहिले. आपल्या प्राचीन वैद्यांनी लघवीचा गोडवा ओळखला आणि त्याला मधुमेह म्हटले. दोन्ही नावे एकत्र ठेवली की आजाराचे चित्र पुरे होते.

म्हणून उन्हाळ्यात एक फरक ध्यानात ठेवावा. नुसत्या उन्हाने तहान लागलेल्या माणसाची लघवी कमी होते, पिवळी होते, कारण शरीर पाणी राखून ठेवते. तहानही भरपूर आणि लघवीही भरपूर, रात्री दोन-तीनदा उठावे लागते, वजन उतरते आहे, तर तो उन्हाचा दोष नसण्याची शक्यता मोठी. तीस वर्षांवरील प्रत्येकाची साखर आणि रक्तदाब यांची तपासणी सरकारी आरोग्य उपकेंद्रांत आणि प्राथमिक आरोग्य केंद्रांत मोफत होते. त्रास नसला तरी ती करून घ्यावी.

उन्हाशी जोडलेला आणखी एक शब्द 'फार्माकॉन'. यातूनच फार्मसी आली. ग्रीक भाषेत याचा अर्थ औषध असाही होतो आणि विष असाही. दिवसभर उन्हात राबलेला माणूस संध्याकाळी अंग दुखते म्हणून दुकानातून वेदनाशामक गोळी घेतो. शरीरातले पाणी आधीच कमी, त्यात डायक्लोफिनॅकसारखी गोळी मूत्रपिंडाकडे जाणारा रक्तपुरवठा आणखी आखडते. हे रोजचे झाले की मूत्रपिंड थकू लागते. मूत्रपिंडाला ग्रीक शब्द 'नेफ्रॉस', म्हणून त्याचा डॉक्टर नेफ्रॉलॉजिस्ट. शहरातल्या या डॉक्टरांच्या दाराशी जाण्याची वेळ टाळायची तर गोळीआधी पाणी आणि विश्रांती, आणि दुखणे रोजचे असेल तर तपासणी.

चैत्रात शिखर शिंगणापूरच्या यात्रेला कावडी घेऊन मुंगी घाट चढणाऱ्यांनाही हेच लागू. लिटरभर पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, एवढ्याने घरचे जलसंजीवनी द्रावण तयार होते. अंग तापून माणूस बरळू लागला किंवा बेशुद्ध झाला तर तो उष्माघात. घाम थांबलेला असो वा चालू असो, सावलीत नेऊन अंगावर पाणी मारत, वारा घालत त्याला दवाखान्यात पोहोचवावे.

डाएट म्हणजे उपास नव्हे

या सगळ्या शब्दांत रोजच्या जगण्याशी सर्वांत जवळचा शब्द 'डाएट'. डॉक्टर सांगतात, डाएट सांभाळा. ऐकणारा समजतो, कमी खा. कोणी भात सोडतो, कोणी रात्रीचे जेवणच सोडतो. मूळ ग्रीक शब्द 'डायाइटा'. त्याचा अर्थ जगण्याची रीत. कधी उठायचे, किती चालायचे, काय आणि केव्हा खायचे, आंघोळ, काम, विसावा, झोप हे सगळे त्यात येई. हिपॉक्रॅटिसच्या नावाने जमवलेल्या ग्रंथांत 'डायाइटा'वर स्वतंत्र ग्रंथ आहे आणि त्यात अन्नाइतकेच श्रमाचे महत्त्व सांगितले आहे. आपल्या वाग्भटाच्या अष्टांगहृदयात सुरुवातीलाच दिनचर्या आणि ऋतुचर्या असे दोन अध्याय आहेत. 'डाएट'ला मराठीत नेमका शब्द हवा असेल तर तो आहार नव्हे, दिनचर्या.

त्याच ग्रीक ग्रंथसमूहात हवा, पाणी आणि ठिकाणे यांवरचा एक छोटा ग्रंथ आहे. अनोळखी गावात गेलेल्या वैद्याने आधी काय पाहावे हे त्यात सांगितले आहे. वारे कुठून वाहतात, पाणी कसले आहे, जमीन कशी आहे, लोक काय खातात-पितात, श्रम करतात की बसून राहतात. असा वैद्य पन्नास वर्षांपूर्वी माणमध्ये आला असता तर त्याला बाजरीची भाकरी, हुलग्याचे माडगे, मैलोगणती चालणारे मेंढपाळ आणि दिवस मावळताच निजणारी गावे दिसली असती. आज त्याला मोटारसायकल, चहाबरोबर बिस्किटे, रात्री उशिरापर्यंत हातात मोबाइल आणि गलाईच्या धंद्यासाठी दूरच्या शहरात दिवसभर दुकानात बसलेली तरुण पोरे दिसतील. पूर्वीचे सगळे चांगले होते असे नाही. उपासमार होती, बाळंतपणात बायका दगावत होत्या. पण दिनचर्या बदलली की आजार बदलतात, हे त्या वैद्याला सांगावे लागले नसते.

बायकांच्या दिनचर्येत तर एक आजार हमखास दडलेला असतो, अ‍ॅनिमिया. ग्रीक 'अन्' म्हणजे नाही, अगदी आपल्या 'अनारोग्य'मधल्यासारखा, आणि 'हायमा' म्हणजे रक्त. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या फेरीत महाराष्ट्रातल्या पंधरा ते एकोणपन्नास वयाच्या निम्म्याहून अधिक स्त्रियांमध्ये तो आढळला. लोहाची गोळी सुरू असते, पण ती चहाबरोबर घेतली जाते. चहा लोह शोषू देत नाही. गोळी चहाच्या आधी-नंतर तासाभराचे अंतर ठेवून, लिंबूपाण्याबरोबर घेतली तर अंगी लागते. सगळ्यांचे झाल्यावर उरलेले खाण्याची रीत बदलणे हाही 'डायाइटा'चाच भाग.

बडीशेपेचे रान

चालण्या-धावण्याचा शब्दही ग्रीकच. 'मॅराथॉन' हे ग्रीसमधल्या एका मैदानाचे नाव आणि त्याचा अर्थ बडीशेप. बडीशेप माजलेले रान ते मॅराथॉन. तिथे इसवी सनापूर्वी ४९० मध्ये लढाई झाली आणि तिच्या आख्यायिकेवरून शर्यतीला नाव पडले. माण तालुक्यातल्या मोहीच्या ललिता बाबर मुंबई मॅरेथॉनमध्ये भारतीय महिलांत पहिल्या आल्या, मग स्टीपलचेसकडे वळल्या आणि २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये अंतिम फेरीत धावल्या. १९८४ मध्ये पी. टी. उषा यांच्यानंतर ऑलिंपिकच्या ट्रॅकवर वैयक्तिक शर्यतीची अंतिम फेरी गाठणाऱ्या त्या पहिल्या भारतीय महिला. सगळ्यांनी तेवढे धावायची गरज नाही. आठवड्यातले पाच दिवस रोज अर्धा तास भरभर चालणे साखर आणि रक्तदाब दोन्ही खाली आणते. शेतातले काम वेगळे, ते कधी असते कधी नसते. चालणे रोजचे असावे.

उतारवयात हे शब्द कोण शिकणार, असे कुणी म्हणेल. म्हसवडमध्ये त्याचे उत्तर आहे. १९९० च्या दशकात इथल्या बायकांनी स्वतःची बँक काढायचे ठरवले. सभासद निरक्षर आहेत म्हणून रिझर्व्ह बँकेने पहिला अर्ज नाकारला. बायकांनी साक्षरतेचे वर्ग सुरू केले, पुन्हा गेल्या, व्याजाचे हिशेब तोंडी करून दाखवण्याची तयारी दाखवली, आणि १९९७ मध्ये माणदेशी महिला बँक उभी राहिली. ज्यांनी व्याज, तारण, मुद्दल हे कागदावरचे शब्द आपलेसे केले, त्यांना हायपो आणि हायपर जड नाहीत.

शब्द कळला म्हणजे रोग कळला असे मात्र नव्हे. कागद वाचून स्वतःच निदान करणे किंवा गोळी बदलणे धोक्याचेच. शब्द कळल्याचा फायदा एवढाच की प्रश्न विचारता येतो. 'माझे हायपो आहे की हायपर?' 'शेवटी आयटिस लिहिले आहे, म्हणजे सूज कशाला आहे?' 'ओमा म्हणजे गाठ, मग ही साधी की वाईट?' असे विचारणाऱ्या रुग्णाला डॉक्टरही थांबून उत्तर देतात. आणि कागदाच्या तळाशी नुसते 'डाएट' लिहिलेले असेल, तर कागद पिशवीत जाण्याआधी पेन मागून त्याच्यापुढे चार वेळा लिहून घ्याव्यात. उठण्याची, जेवणाची, चालण्याची आणि झोपण्याची.